निटर आणि लाटेक : पावसाच्या अहवालांवर आठ महिने वापरल्यानंतर

आकडेमोड आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, अहवाल लाटेक या मजकूर मांडून पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत आणि मधला पूल कॉपी-पेस्टचा, ही पद्धत बंद करून आठ महिने झाले. आता मजकूर आणि कोड एकाच आरएनडब्ल्यू (.Rnw) फाइलमध्ये असतात, आणि निटर हे आरचं पॅकेज तो कोड चालवून उत्तरं लाटेकच्या मजकुरात बसवतं. यालाच फाइल विणणं म्हणतात. काम ठरलेलं आहे: कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या रोजच्या पावसावर दर महिन्याला पीडीएफ अहवाल. मत आधीच सांगतो. आरही त्रास देत नाही आणि लाटेकही नाही. त्रास देतो तो दोघांमधला सांधा. एकाने ओकलेलं दुसऱ्याला पचलं नाही की पान बिघडतं, आणि बऱ्याचदा बिघडल्याचं कळतही नाही.

कोड आणि लेखन एकत्र ठेवण्याची कल्पना डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली मांडली. आरमध्ये ती २००२च्या सुमारास फ्रीडरिश लाइश यांच्या स्वीव्हने आणली, आणि दहा वर्षांनी यीहुई शिए यांचं निटर आलं. स्वीव्ह अजूनही आरसोबत मिळतं, पण आज सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात प्रत्येक आलेखासाठी वेगळा पर्याय लिहावा लागतो, शिवाय आरच्या जीजीप्लॉट पॅकेजने काढलेला आलेख प्रिंट या आज्ञेत गुंडाळला नाही तर पान कोरं राहतं. आरस्टुडिओ या आरच्या संपादकाच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये स्वीव्ह नावाचा भाग आहे. फाइल कशाने विणायची ते तिथे निटर असल्याची पहिल्याच दिवशी खात्री करा. दोघांची पर्याय लिहिण्याची रीत वेगळी आहे: निटरला शब्द अवतरणचिन्हांत लागतात, स्वीव्हला चालत नाहीत. इंटरनेटवरून उचललेला नमुना पहिल्याच फटक्यात अडतो तो बहुधा यामुळेच.

लाटेकसाठी काही जीबींचं पूर्ण वितरण उतरवायची गरज नाही. टायनीटेक हे लाटेकचं छोटं वितरण आरमधूनच बसतं आणि कमी पडलेलं पॅकेज विणताना स्वतःच आणतं. एक मेख आहे. टायनीटेक ज्यावर उभं आहे त्या टेक लाइव्ह या मोठ्या वितरणाची आवृत्ती दरवर्षी बदलते आणि जुन्या टायनीटेकला नवं भांडार चालत नाही. ‘रिमोट भांडार स्थानिकापेक्षा नवं आहे’ अशा अर्थाची तक्रार आली की डोकं खाजवत बसू नका, टायनीटेक नव्याने बसवा.

कोडचा तुकडा, म्हणजे चंक, <<>>= ने उघडतो आणि ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या @ ने बंद होतो. चंकला नाव द्याच, आणि ते रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, जोडरेघ चालते. आलेखाच्या फाइलला तेच नाव मिळतं, त्यामुळे मोकळी जागा किंवा खालची रेघ पुढे लाटेकला खुपते. एकच नाव दोनदा आलं तर निटर तिथेच थांबतं.

खरा फायदा वाक्यातल्या आकड्यांचा. बॅकस्लॅश लावून एस-एक्स्प्र लिहिलं आणि कंसात आरचं सूत्र दिलं की उत्तर थेट वाक्यात बसतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५च्या आत. अशी नोंद सरासरीत धरायची की वगळायची हे बदललं, तर हाताने लिहिलेल्या अहवालात डझनभर वाक्यं दुरुस्त करावी लागतात आणि त्यातलं एखादं हमखास सुटतं. इथे एक ओळ बदलली की पुरतं.

सांध्यातल्या सगळ्यांत जास्त खाचाही याच सोयीत आहेत. लाखाच्या घरातली संख्या निटर स्वतःहून वैज्ञानिक पद्धतीने छापतं: २,४५,०००च्या जागी २.४५ × १०^५. आरचा सायपेन पर्याय वाढवला की हे थांबतं. १२.५०चं १२.५ होतं, दशांश स्थळं हवी असतील तर आरचं एसप्रिंटएफ फंक्शन वापरा. स्वल्पविराम मागितले तर आर दर तीन अंकांवर देतं, कारण गटाची लांबी एकच ठरवता येते. आपल्या लाख-कोटींसाठी दहा ओळींचं छोटं फंक्शन लिहून प्रस्तावनेच्या चंकमध्ये ठेवणं भाग आहे. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे टक्क्याचं चिन्ह. सूत्राने ‘४५%’ असा मजकूर दिला तर लाटेक % च्या पुढची अख्खी ओळ टिप्पणी समजून गिळतं. त्रुटी दिसत नाही, अर्धं वाक्य गायब होतं. चिन्ह सूत्राबाहेर, बॅकस्लॅशसह लिहावं.

पीडीएफ बनवणाऱ्या लाटेकच्या इंजिनांपैकी मराठी मजकुरासाठी पीडीएफलाटेक विसरा, झीलाटेक निवडा. फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये फॉन्टसोबत स्क्रिप्ट म्हणून देवनागरी नमूद केली नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. फॉन्ट म्हणून मुंबईच्याच एक टाइपचा मुक्त छान चालतो. निवडलेल्या फॉन्टमध्ये ₹ नसेल तर ते चिन्ह छापलं जात नाही, फक्त लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ असा उल्लेख येतो. ती ओळ शोधायची सवय लावावी. आलेखांचं प्रकरण वेगळं: आरच्या नेहमीच्या पीडीएफ साधनाला देवनागरी जमत नाही, अक्षरांच्या जागी ठिपके येतात. रॅग पॅकेजचं पीएनजी साधन ३०० डीपीआयवर ठेवलं की अक्षांवरचं ‘सांताक्रूझ’ नीट उमटतं. फॉन्ट मात्र संगणकात बसवलेला हवा.

चंकचं उत्तर साठवून पुढच्या वेळी तेच वापरणाऱ्या कॅश या पर्यायाबद्दल मात्र सावध राहायला सांगेन. चंकचा कोड किंवा पर्याय बदलले तरच कॅश मोडते. डेटाची फाइल बदलली हे तिला कळत नाही. दर महिन्याला त्याच नावाची सीएसव्ही टाकणाऱ्यांसाठी हा सापळाच आहे: जुलैच्या मथळ्याखाली जूनचे आकडे, आणि अहवाल दिसायला निर्दोष. उपाय एका ओळीचा आहे. कॅश-एक्स्ट्रा पर्यायात त्या फाइलची एमडी५ बेरीज द्या, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा. ज्या चंकला सेकंदही लागत नाही त्याला कॅश लावूच नये.

कन्सोलमध्ये, म्हणजे आरला थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत, चालतं पण विणताना ‘ऑब्जेक्ट सापडला नाही’ म्हणतं, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. आरस्टुडिओचं पीडीएफ बटण कोऱ्या सत्रात विणतं. कन्सोलमध्ये हाताने केलेलं तिथे नसतं. चिडचिड होते, पण हीच खरी शिस्त आहे.

विश्वासार्हतेच्या अंतरासाठी (कॉन्फिडन्स इंटरव्हल) बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच डेटातून पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने घेण्याची पद्धत, वापरत असाल तर सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू, ठरवणं पुरेसं नाही. एप्रिल २०१९मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत आरने नमुने निवडणाऱ्या सॅम्पल फंक्शनची मूळ पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीच्या अहवालांचे आकडे त्याच सीडवरही जुळत नाहीत. शेवटच्या पानावर सेशन-इन्फो, म्हणजे आर आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी, छापून ठेवा.

शिकायला पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आर आणि लाटेक, दोन्हींचे धडे आहेत. आधी लाटेकचे पाहा. आर येणाऱ्यालाही अडतं ते तिथेच. आणि अहवाल तपासणारे साहेब वर्डमध्येच दुरुस्त्या करणारे असतील तर आरएनडब्ल्यूच्या फंदात पडू नका, त्यातून वर्डची फाइल निघत नाही. त्यांच्यासाठी २०२२मध्ये आलेलं क्वार्टो घ्या, कोड आणि मजकुराच्या एकाच फाइलमधून ते वर्डची फाइलही काढतं.