फळझाडावरची पक्ष्यांची जाळी: दोन हंगाम वापरल्यानंतर

आधी निकाल. बारीक विणीची पांढरी जाळी, कमानींवर ताणलेली आणि जमिनीपर्यंत बंद केलेली असेल तर बुलबुल, साळुंक्या, तांबट, कोकीळ यांचा बंदोबस्त होतो. यातलं एक जरी सुटलं तरी पक्षी आत शिरतात, आणि आत कोंडलेला पक्षी बाहेरच्यापेक्षा जास्त नासधूस करतो.

खरेदीला निघाल्यावर सगळ्यात आधी भोकाचं माप विचारा. सहज हाती येते ती एकेरी नायलॉन धाग्याची, १५ ते २० मिमी भोकांची जाळी. हलकी, स्वस्त आणि जवळपास न दिसणारी. न दिसणं हाच तिचा दोष आहे. पक्षी वेगात येऊन आदळतो, पाय किंवा पंख भोकात जातो आणि धडपडीबरोबर धागा आवळत जातो. रात्री वटवाघळांचं तेच होतं, आणि जमिनीवर लोळणाऱ्या सैल पदरात साप अडकतात. ५ मिमी किंवा त्याहून लहान भोकांची, उन्हात टिकणारी यूव्ही-प्रक्रिया केलेली एचडीपीईची (एक चिवट प्लॅस्टिक) विणलेली जाळी घ्या. जाळी ताणून करंगळी घालून बघायची, आरपार गेली तर ती जाळी नको. रंग पांढराच, कारण अंधुक उजेडातही तो दिसतो.

जाळी थेट झाडावर टाकणं हा पैसे वाया घालवायचा हमखास मार्ग. पानांना टेकलेल्या जाळीवर पक्षी बसतो आणि बाहेरूनच फळाला चोच मारतो. शिवाय मोठ्या भोकांतून नवी फूट वर येते, मग जाळी काढताना शेंडे मोडतात. झाड आणि जाळीत किमान ३० सेंमी अंतर हवंच.

अडीच मीटर उंच, दीड मीटर रुंद पसाऱ्याच्या झाडाचं गणित असं: कमानीची रुंदी ३ मीटर, माथा ३ मीटर. दोन्ही बाजूंना दीड मीटर सरळ पाय आणि वर अर्धगोल धरला तर एका कमानीला साधारण ७.७ मीटर पीव्हीसी नळी लागते, २५ मिमी जाडीची. अशा दोन कमानी एकमेकींना काटकोनात ठेवून माथ्यावर बांधायच्या. ६ मीटरची अखंड नळी घेऊन उरलेला तुकडा एका पायाकडे कपलरने (नळ्या जोडायच्या तुकड्याने) जोडा. जोड माथ्यावर आला की वाऱ्यात पहिली तीच जागा फुटते. पायासाठी १२ मिमी सळईचे ७५ सेंमीचे तुकडे अर्धे जमिनीत ठोकून त्यांवर नळी चढवायची. जाळी ९ बाय ९ मीटरची, म्हणजे कमानीची लांबी अधिक दोन्हीकडे अर्धा-पाऊण मीटर पदर. कपलरच्या कडांवर आणि बांधलेल्या तारेच्या टोकांवर कापडी चिंधी गुंडाळा, नाहीतर वाऱ्याने घासून जाळी नेमकी तिथेच विरते.

खालचा पदर हा या सगळ्या प्रकरणाचा जीव. जाड तारेच्या यू आकाराच्या खुंट्या दर ३०-४० सेंमीवर ठोकून पदर ताणून बसवा. चार कोपऱ्यांवर विटा ठेवून भागत नाही, मधल्या फटीतून साळुंकी चालत आत येते! तोडणीसाठी एका बाजूला दोन पदर ३० सेंमी एकमेकांवर घेऊन कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करा.

फुलोऱ्यात जाळी घालू नका, मधमाश्यांना अडथळा होतो. फळ धरल्यावर आणि रंग फिरायच्या आधी घाला, तोडणी संपताच उतरवा. वर्षभर ठेवली तर किडे खाणारे पक्षीही बाहेर राहतात आणि मावा, अळ्या वाढतात.

जाळीच्या मर्यादाही ऐका. पोपट आणि खारी धागा कुरतडतात. पोपटाने पाडलेलं भोक त्याच दिवशी शिवलं नाही तर पुढच्यांना दार मिळतं. खारींचा उपद्रव जबर असेल तर धातूची जाळीच लागेल. फळमाशी ५ मिमीतून आरामात जाते, म्हणून गळलेली फळं रोज उचला.

झाड फार मोठं असेल किंवा मोजकी मोठी फळं असतील, जसं पेरू, डाळिंब, तर फळांवर चढवायच्या नॉनवोव्हन (न विणलेल्या कापडाच्या) पिशव्या बऱ्या. पेरू लिंबाएवढा झाला की फळमाशीची टोच नाही हे बघून पिशवी घाला, आतलं पान काढून टाका आणि दोरी नाजूक देठाला नव्हे तर डहाळीला बांधा. प्लॅस्टिकची पिशवी आत घाम धरते आणि फळ कुजतं.

चमकत्या फितीला पक्षी काही दिवस बिचकतात, मग सरावतात. फळं पिकायच्या शेवटच्या टप्प्यात लावून दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलली तर थोडा उपयोग. प्लॅस्टिकच्या घुबडावर मात्र बुलबुल चक्क बसतात. आंबा, चिकू, सीताफळ पाडाला लागताच उतरवून घरात पिकवता येतं. डाळिंब, द्राक्षं तोडल्यावर पिकत नाहीत, त्यांना झाकणंच भाग आहे.

सकाळ-संध्याकाळ जाळीभोवती एक फेरी हवीच. पक्षी अडकलेला दिसला तर ओढू नका. त्याच्यावर सुती कापड टाका, अंग हलक्या हाताने धरा आणि धागा कात्रीने कापा, आधी मानेजवळचा, मग पंखाचा. भोक नंतर शिवता येतं.