फी भरल्याची पावती आली, पण फी भरलीच गेली नव्हती

ऑगस्ट उजाडला की परदेशी निघालेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या वीचॅट (व्हॉट्सॲपसारखं चिनी ॲप) गटांत एक मजकूर फिरू लागतो: फी आमच्यामार्फत भरा, पाच टक्के सूट. आधी छदामही देऊ नका, विद्यापीठाच्या पोर्टलवर फी जमा दिसली की मगच द्या. समोरचा आधी स्वतःचे पैसे घालतोय, मग यात फसायचं काय, असं कुणालाही वाटेल. सापळा नेमका तिथेच आहे.

उदाहरणादाखल ब्रिटनमधली एका वर्षाची मास्टर्स धरू, फी ३०,००० पौंड. मध्यस्थ विद्यार्थी क्रमांक, जन्मतारीख आणि पोर्टलचा पासवर्ड मागतो. थोड्याच वेळात पोर्टलवर बाकी शून्य होते आणि विद्यापीठाच्या खऱ्या ईमेलवरून खरी पावती येते. पालक खुशीत २८,५०० पौंडांइतके युआन चीनमधल्या कुठल्याशा खात्यात टाकतात. प्रत्यक्षात फी भरलेली असते चोरलेल्या क्रेडिट कार्डांवरून, तीही अनेकदा तुकड्यातुकड्यांत. कार्डाचा मालक स्टेटमेंट बघून तक्रार करतो आणि त्याची बँक विद्यापीठाकडून रक्कम परत ओढून घेते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे सप्टेंबरात ‘भरलेली’ फी जानेवारीतही उलटू शकते. शून्याच्या जागी पुन्हा ३०,००० उभे राहतात, विद्यापीठ पैसे मागतं, मिळाले नाहीत तर नाव कमी करतं. नाव कमी केलं की ते ब्रिटनच्या गृहखात्याला कळवणं विद्यापीठाला भागच असतं, त्यामुळे व्हिसाही जातो. वर पोलिसांचे प्रश्न विद्यार्थ्यालाच, कारण चोरीच्या कार्डाचा लाभ त्याच्या नावावर झालेला. दीड हजार पौंड वाचवायला गेलेलं घर अख्खी फी दुसऱ्यांदा भरतं.

खूण पावतीवरच असते, फक्त ती कुणी बघत नाही. पैसे कशाने भरले, त्या रकान्यात ‘कार्ड’ असेल आणि शेवटचे चार आकडे घरातल्या एकाही कार्डाचे नसतील, तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या फी विभागाला लेखी कळवावं. रक्कम उलटायच्या आधी केलेली तक्रार आणि नंतर केलेली तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हा धंदा चालतो तो एका गैरसमजावर. चीनमध्ये माणशी वर्षाला ५०,००० डॉलरइतकंच परकीय चलन फारशा कागदपत्रांविना घेता येतं, हे सगळ्यांना पाठ आहे. शिक्षणासाठी ही मर्यादा ओलांडता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि विद्यापीठाचं शुल्कपत्रक घेऊन बँकेत गेलं की शुल्कपत्रकातल्या रकमेइतकं चलन रीतसर मिळतं. हे न कळल्यामुळे काका, मावशी, आजोबा अशा सगळ्यांच्या कोट्यातून थोडं थोडं पाठवलं जातं. चिनी लोक याला ‘मुंग्यांचं घर हलवणं’ म्हणतात. बँकेच्या यंत्रणेला हे दिसतं. नाव निगराणी यादीत गेलं, तर ते वर्ष आणि पुढची दोन वर्षं हा सोपा कोटा बंद.

त्याहून वाईट म्हणजे खासगीत चलन बदलणं. आईवडील शांघायमध्ये कुणाला तरी युआन देतात, मुलाच्या मँचेस्टरमधल्या खात्यात पौंड जमा होतात. दर बँकेपेक्षा चांगला, काम मिनिटांत. पण ते पौंड बऱ्याचदा गुन्ह्याच्या पैशातले असतात आणि वेगवेगळ्या शाखांतून रोखीने भरलेले असतात. २०१९ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने याच प्रकारात ९५ बँक खाती गोठवली, त्यांतली बरीचशी परदेशी विद्यार्थ्यांची होती. अमेरिका-कॅनडात हाच खेळ चेकने होतो. खात्यात रक्कम दिसते, विद्यार्थी तिकडे युआन सोडतो, चार-पाच दिवसांनी चेक वटत नाही आणि शिल्लक उणे होते. चीनमध्ये तर असा व्यवहारच बेकायदा आहे. दंड व्यवहाराच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि प्रकरण गंभीर असेल तर त्याहूनही वर जाऊ शकतो. म्हणूनच फसलेली माणसं पोलिसांत जायला कचरतात, आणि फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

अंदाजपत्रकातही अशीच गफलत केली जाते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फीच्या उरलेल्या रकमेशिवाय नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, म्हणजे १३,७६१. लंडनबाहेर १,१७१, म्हणजे १०,५३९. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. शिवाय व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) वर्षाला ७७६ पौंड, आणि एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळत असल्यामुळे तो दीडपट, १,१६४. मध्यस्थांच्या तक्त्यात हे १,१६४ सहसा ७७६ म्हणून येतात. उलट ‘बँक शिल्लक जुळवून देण्याचे’ वेगळे पैसे मात्र लावले जातात. चिनी पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याला शिल्लकेची कागदपत्रं सहसा जोडावीच लागत नाहीत. मागितली तर दाखवावी लागतात, म्हणून रक्कम खरी हवी. उसनी आणलेली शिल्लक दाखवून नकार आला, की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो.

आता ‘बाओलू’, म्हणजे हमखास प्रवेश. विद्यापीठात आमचा आतला कोटा आहे, प्रवेश नाही मिळाला तर सगळे पैसे परत, असं वचन. याचा हिशोब साधा आहे. दहा जणांकडून मोठ्या रकमा घ्यायच्या आणि दहाही अर्ज सरळ नेहमीच्या मार्गाने टाकायचे. दोघा-तिघांना स्वतःच्या गुणांवर प्रवेश मिळतोच. त्यांचे पैसे ठेवायचे, बाकीच्यांचे रखडवत रखडवत परत करायचे. यात मध्यस्थाने काहीच केलेलं नसतं. अशा मध्यस्थाच्या हाती निदान वर्षच वाया जातं. खोटी पदवी किंवा गुणपत्रिका जोडणारा मध्यस्थ याहून महाग पडतो. २०२४ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये सुमारे ३० विद्यार्थ्यांची कागदपत्रं बनावट निघाली. मध्यस्थांनी एकेकाकडून पाच लाख युआनच्या आसपास घेतल्याचं तेव्हा छापून आलं होतं. हाँगकाँगमध्ये अशा खोट्या माहितीला कायद्याने १४ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती भोगायची विद्यार्थ्याने. ‘सरकारमान्य एजन्सी’ या पाटीलाही आता अर्थ नाही, कारण चीनने मध्यस्थांना परवाना देण्याची पद्धतच २०१७ मध्ये बंद केली.

अर्जासाठीचा ईमेल मध्यस्थाने उघडलेला असेल तर पुढचं सगळं त्याच्या मुठीत जातं. नकाराचं पत्र दाबून ठेवणं, एका विद्यापीठाची ऑफर लपवून जास्त कमिशन देणाऱ्या दुसऱ्याकडे वळवणं, ऑफरची बनावट पीडीएफ पाठवणं, सगळं शक्य होतं. ईमेल विद्यार्थ्याचा, त्याचा रिकव्हरी फोन नंबर विद्यार्थ्याचा, आणि ऑफर आली असं कुणी सांगितलं तर पीडीएफ न बघता स्वतः पोर्टलमध्ये शिरून बघायचं. फीचा तपशीलही तिथूनच घ्यायचा. वीचॅटवर आलेल्या खाते क्रमांकावर कधीच नाही.

पैसे गेलेच, तर पहिला फोन बँकेला, दुसरा चीनच्या फसवणूकविरोधी क्रमांकावर, ९६११०. वीचॅटवरचं टोपणनाव क्षणात बदलतं, म्हणून गप्पांचे फोटो काढताना वीचॅट आयडी आणि पैसे गेलेल्या खात्याचं पूर्ण नाव-क्रमांक त्यात आला पाहिजे. ही हकीकत एखाद्या गटात टाकली, की लवकरच एक ‘वकील’ खासगीत निरोप पाठवतो: गेलेली रक्कम परत मिळवून देतो, आधी फक्त थोडी नोंदणी फी. पुष्कळदा तो त्याच टोळीतला असतो.