अल वथबा : फ्लेमिंगो बघायचेत तर जा, सेल्फी काढायचाय तर नको

अबुधाबीत सात वर्षं झाली आम्हाला आणि शहरापासून जेमतेम ४० किमीवर असलेलं अल वथबा वेटलँड रिझर्व्ह मी आत्ता जानेवारीत पहिल्यांदा बघितलं, तेही बाबा (सासरे) आलेत, मॉल बघून कंटाळलेत म्हणून. बाबा इंदापूरचे, उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित (म्हणजे फ्लेमिंगोच) बघत आलेला माणूस, त्यामुळे गाडीतच सांगून टाकलं, "वाळवंटात कसले पक्षी दाखवतेस गं?"

रस्ता एकदम रटाळ. ट्रक, वाळू, परत ट्रक. आणि मग अचानक पाणी!

जागा ५ चौरस किमीच आहे. चालायला दोन ट्रेल, एक दीड किमीचा आणि एक तीनचा, आम्ही छोटाच केला कारण बाबांचे गुडघे. कडेला मिठाची पांढरी खपली, पाय पडला की पापडासारखी कुरकुरते. लाकडी आडोसा आहे पक्षी बघायला, तिथे बाबा जे बसले ते पाऊण तास हललेच नाहीत. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतात, गाळ वर येतो आणि त्यातली आर्टेमिया म्हणजे बारीक कोळंबीसारखी जी असते ना ती गाळून खातात, गुलाबी रंग पण त्या खाण्यातूनच येतो. मध्ये काही राखाडी, मळकट दिसणारे होते, ती लहान पिल्लं. इथे १९९८ मध्ये फ्लेमिंगोंनी अंडी घातली म्हणून तर तेव्हाचे यूएईचे अध्यक्ष शेख झायेद यांनी जागा राखीव केली, २०१३ ला रामसरचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो) दर्जा पण मिळाला. अडीचशेच्या वर जातींची नोंद आहे म्हणे, आम्हाला ओळखता आले ते शेकाट्या आणि चिखल्या, बाकी सगळे "तो बघ तो"!

आता गंमत. हे तळं कोणी ठरवून केलेलं नाही, शहराचं सांडपाणी शुद्ध करून उरलेलं पाणी या खोलगट सबख्यात (म्हणजे खारट, सपाट जमिनीत) येत गेलं आणि पक्षी आपले आपण आले. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे गटाराचं?" शुद्ध केलेलं हो बाबा! मग थोडा वेळ गप्प, आणि मग, "आमचं तरी काय, धरणाचंच की."

पण उजनीकाठच्या भिगवणसारखं नावेत बसून जवळ जाता येत नाही हे डोक्यात ठेवून या. पक्षी लांबच असतात आणि तेच बरं आहे, उठवले की अंडी सोडून जातात. मोबाईलवर फोटोत नुसते गुलाबी ठिपके येतात, माझ्याकडे असे चाळीस ठिपके आहेत. आणि दुर्बीण स्वतःची आणा. आम्ही एका दुकानातून भाड्याने घेतली, एका भिंगात चक्क बुरशी, परत करायला गेलो तर म्हणतो "आधीपासूनच होती", अरे मग दिलीस कशाला! बाबांनी अख्खा वेळ एक डोळा मिटून बघितलं.

थंडीतच जा, सकाळी लवकर. सगळे दिवस उघडं नसतं, वार आणि वेळ आधी बघून निघा. टोपी, पाणी न्या, सावली फक्त त्या आडोशातच आहे.

माझ्याकडून ५ पैकी ४. बाबांनी ५ दिलेत आणि पुढच्या शनिवारी मोठा ट्रेल करायचाय म्हणतायत, गुडघ्यांचं काय ते त्यांचं ते बघतील.