फोन ज्याचा त्याचा, त्यातला क्लायंट आमचा : सात महिने वापरल्यानंतर

आमचं सीए ऑफिस नाशिकला आहे. माणसं बावीस, त्यातली नऊ आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं. माझं खरं काम ऑडिटचं, पण राउटरचा दिवा लाल झाला की हाक मलाच येते. त्यामुळे मे २०२५ मध्ये 'सगळ्यांच्या स्वतःच्या फोन-लॅपटॉपचं काहीतरी करा' हे सरांचं फर्मानही माझ्याच टेबलावर आलं.

तोपर्यंत एकच वायफाय होतं. पासवर्ड पाण्याच्या फिल्टरशेजारी कागदावर चिकटवलेला. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं तो सर्व्हर, प्रिंटर, बावीस जणांचे फोन आणि बाहेर बाकावर ताटकळलेल्या क्लायंटचा फोन, सगळे एकाच पंगतीला. कोणाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं तर ते सर्व्हरपर्यंत सरळ चालत जाईल, अशी ही मांडणी. २०१७ चं वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, असंच एका विंडोजमधून शेजारच्या विंडोजमध्ये घुसत गेलं होतं. आर्टिकलशिप संपवून गेलेल्या मुलांच्या फोनमध्येही तो पासवर्ड तसाच होता. बदलायचा तर बावीस जणांना पुन्हा सांगत बसा, म्हणून कधी बदललाच नाही.

पहिला प्रयत्न फसला, तोही माझ्या हौसेपायी. प्रत्येक फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, लिहून घेतला, राउटरमध्ये यादी केली, यादीबाहेरच्याला प्रवेश नाही. दुसऱ्या दिवशी निम्मे फोन बाहेर. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक सांगतच नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो. मी सेटिंग्जमधून उतरवून घेतलेला पत्ता एक, फोनने सांगितलेला दुसराच. शिवाय मॅकची नक्कल करणं अवघड नाही, म्हणजे ज्याला अडवायचं तो अडत नाहीच. दोन दिवसांत यादी पुसली.

मग व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळे भाग, समजणारा स्विच आणि वायफायचा ॲक्सेस पॉइंट घेतला आणि तीन वाटा केल्या. ऑफिसची मशीन्स एका बाजूला, कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन दुसऱ्या, पाहुणे तिसऱ्या. पाहुण्यांच्या वाटेवर एक फोन दुसऱ्या फोनला दिसत नाही. कर्मचाऱ्यांच्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. आता मुलगा सोडून गेला की फक्त त्याचं खातं बंद करायचं, बाकी कोणाला पत्ताही लागत नाही. जोडणी करताना मात्र घाम फुटला. बऱ्याच नव्या अँड्रॉइडवर 'सर्टिफिकेट (नेटवर्क खरंच आपलं आहे याचा दाखला) तपासू नका' हा पर्यायच राहिलेला नाही, त्यामुळे प्रत्येक फोन हातात घेऊन त्या दाखल्यातलं डोमेन, म्हणजे सर्व्हरचं नाव, टाकावं लागलं. प्रिंटर ऑफिसच्या वाटेवर गेल्यामुळे फोनवरून प्रिंट बंद झाली. ऑफिसात सर्वांत मोठा गदारोळ सुरक्षेवरून नाही, यावरून झाला! शेवटी फायरवॉलमध्ये, म्हणजे या वाटांमधल्या पहाऱ्यात, प्रिंटरपुरतं छोटं दार उघडलं. एवढं एकच काम करून मी थांबलो असतो तरी पैसे वसूल होते.

पुढचं पाऊल अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल. ऑफिसचा मेल आणि ड्राइव्ह फोनच्या एका वेगळ्या कप्प्यात राहतात, त्या ॲपवर छोटी बॅग दिसते. त्या कप्प्यातला मजकूर उचलून बाहेर चिकटवता येत नाही. माणूस सोडून गेला की तेवढाच कप्पा पुसायचा, त्याच्या लग्नाच्या फोटोंना धक्का नाही. आमच्या अकाउंट्सच्या ताई मात्र अडून बसल्या. "म्हणजे सर माझं व्हॉट्सॲप वाचणार?" मी ॲडमिनचा स्क्रीनच त्यांच्यासमोर उघडला. फोनचं मॉडेल दिसतं, अँड्रॉइडची आवृत्ती दिसते, स्क्रीन लॉक आहे का ते दिसतं. त्यांचे फोटो, मेसेज, स्वतःची ॲप्स यातलं काही नाही. अँड्रॉइड १२ पासून तर आयएमईआय, म्हणजे फोनचा कायमचा क्रमांक, तोसुद्धा मिळत नाही. त्या जोडल्या गेल्या आणि त्यांच्या मागून बाकीच्याही. हे आधी दाखवायला हवं होतं, नियमावलीचा कागद नंतर. संध्याकाळी सातनंतर वर्क प्रोफाइल 'पॉज' करता येतं हे कळल्यावर मुलं तर खूशच झाली. सर तितके नाहीत. एका कंपनीच्या स्वस्त फोनवर बॅटरी वाचवण्याच्या नादात ऑफिसचा मेल उशिरा येतो, त्यावर उपाय सापडलेला नाही. आयफोन तीनच आहेत, त्यांच्यावर फक्त ऑफिसच्या ॲपना पिन लावून सोडून दिलं.

खरी डोकेदुखी लॅपटॉपची. मुलं घरचे लॅपटॉप आणतात, काहींवर विंडोज १०, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा घे म्हणायला आम्ही त्यांना स्टायपेंड देतो किती! म्हणून घरच्या लॅपटॉपवर क्लायंटची फाइल उतरवणंच बंद केलं. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे घरून ऑफिसच्या मशीनचा स्क्रीन उघडून, तिथेच काम करायचं; दोन मशीन्समध्ये कॉपी-पेस्ट आणि ड्राइव्ह जोडणी दोन्ही बंद. इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, त्या शेवटच्या आठवड्यात हे इतकं रखडलं की दोघांनी पेन ड्राइव्ह काढले. मी तेव्हा डोळेझाक केली, कबूल करतो. नंतर मशीन्सचे यूएसबी बंद केले आणि इंटरनेटची लाइन वाढवून घेतली.

सरांना खर्चाला तयार करायला मी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पुढे केला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत. आमच्यासारख्याला कोण तेवढा लावणार, पण आकडा ऐकून सरांनी चष्मा काढून ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याचे नियम आले तेव्हा मग त्यांनी स्वतःच विचारलं, आपलं कुठवर आलंय म्हणून.

एवढं करून पॅन, आधार, बँक स्टेटमेंट येतात कुठे, तर मुलांच्या खासगी व्हॉट्सॲपवर. कप्प्याच्या बाहेर, थेट गॅलरीत. ऑफिसचा वेगळा नंबर घेतला, तो व्हिजिटिंग कार्डावर छापला, प्रत्येक मेलच्या तळाशी टाकला. परवा एका घाऊक किराणा व्यापाऱ्याने पुन्हा आमच्या सर्वांत लहान आर्टिकलला सगळ्या कुटुंबाची आधार कार्डं पाठवली. फोन करून ऑफिसचा नंबर दिला, तर म्हणाले, "त्या नंबरवर निळी टिक लवकर येत नाही हो. हा पोरगा लगेच बघतो."