न निघालेला अंक मी विकत घेतला

एकूण 49,840 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात मी तीन आठवडे 12,000 सांगत होतो. 15,000 आगाऊ, 24,500 उरलेले, 9,000 'मूळ चित्रा'चे आणि 1,340 पॅकिंग अन् विम्याचे. विमा कसला, ते पुढे येईलच.

माल काय, तर इंद्रजाल कॉमिक्सचे (टाइम्स ऑफ इंडियाची जुनी चित्रकथा-मालिका) 41 इंग्रजी अंक, वेताळ आणि मॅन्ड्रेक, बहुतेक साठच्या दशकातले. शिवाय त्याच मालिकेतला भारतीय नायक बहादूर, त्याच्या एका मुखपृष्ठाचं हातानं रंगवलेलं मूळ चित्र. विकणारा जाहिरातीतून भेटलेला, आवाजावरून तिशीतला, मराठी, दर वाक्याला 'काका' म्हणणारा. आजोबा गेले, बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय, आई सगळं रद्दीत घालायला निघाली होती... पुढचं तुम्ही न वाचता सांगाल. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही सांगितलं असतं.

मी काही नवशिका नाही, एवढं तरी म्हणू द्या. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या गल्ल्यांत, दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार फुटपाथवर भरायचा तेव्हा तिथेही, वीसेक वर्षं उकिडवा बसून अंक निवडलेत. पहिला अंक मार्च 1964 चा, किंमत 60 पैसे. पहिले 32 अंक नुसत्या वेताळाचे. एप्रिल 1990 मध्ये सगळं बंद. आणि 123 व 124 हे दोन नंबर टाइम्समधल्या संपामुळे कधी निघालेच नाहीत. यातलं काहीही मला झोपेतून उठवून विचारा.

तर यादी आली. वहीच्या पानाचा फोटो, निळ्या शाईत आकडे. 7, 12, 19, 23... आणि शेवटून तिसरा, 123.

मी तो पाहिला. नजरचुकीनं सुटला असं लिहायचा मोह फार होतोय, पण नाही. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, चष्मा पुसून दोनदा पाहिला. विचारलंसुद्धा, "123 तर निघालाच नव्हता ना?" तो क्षणभरही अडखळला नाही. "म्हणूनच तर काका! आजोबा प्रेसमध्ये होते. दोन-चार कॉपी बाहेर आल्या होत्या."

तिथे फोन ठेवायचा. एवढंच करायचं होतं. त्याऐवजी माझ्या छातीत धडधडायला लागलं. जगात कुणाकडे नाही ते माझ्या कपाटात येणार! जे मला पाठ होतं, तेच मी त्याच्या एका वाक्यावर ओवाळून टाकलं. दहा मिनिटांत 15,000 गेले. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं दिसलं. "आईचं खातं आहे, काका." बरं बाबा, आईचं. (खात्यावरचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर आई असो की मावशी, पैसे पाठवू नका.)

व्हिडिओ कॉल केला नाही का, असं सगळे विचारतात. केला होता हो! त्यानं अंक दाखवले, उलगडून दाखवले, ते खरेच होते. आता कळतं की खरे होते ते तेवढे चारच, खोक्यात बाकीचे आले ते वेगळेच. व्हिडिओवर त्याला चाळू देऊ नका. नंबर तुम्ही सांगा, पान तुम्ही सांगा, मधल्या पानावरची पिन जवळून दाखवायला सांगा. तो कुरकुरला तर समजा.

खोकं आलं ते गुरुवारी. वर ऐंशीच्या दशकातले चार अंक, खरे, मळके, कुठेही मिळणारे. त्याखाली 37. पहिला उचलला आणि वास घेतला. आपण सगळे घेतोच. जुन्या कागदाचा तो कोंदट वास नव्हता. चहाचा होता. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, सगळीकडे सारखाच पिवळा. खरा अंक कडांकडून पिवळा होत आत येतो.

मग पिन. जुन्या अंकात पिनेभोवती गंजाचा तपकिरी डाग पडतो, माहीत आहे ना? इथेही डाग होता. पण पिन नवी कोरी, चकचकीत, आणि डागापासून दोन मिलिमीटर बाजूला! म्हणजे गंज छापलेला होता. नेटवर फिरणाऱ्या स्कॅनवरून प्रिंट मारताना मूळ अंकाचा गंजही आला. एका अंकावर कुठल्याशा पोरानं बॉलपेननं नाव लिहिलेलं, त्यावरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. दुसऱ्यात स्कॅनमधलं एक पान हरवलं असावं, तर परदेशी आवृत्तीतलं ठिगळ लावलेलं. इंद्रजालमध्ये वेताळाचा देश 'डेंकाली', आणि या एकाच पानावर तो 'बंगाला'. आळशी चोर.

नोटा तपासायचा निळा दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आजचा पांढरा कागद त्याखाली निळसर चमकतो, जुना वर्तमानपत्री कागद चमकत नाही. माझ्याकडे तो दिवा होता. ड्रॉवरमध्ये. पैसे देऊन झाल्यावर काढला.

123? कुठल्या तरी 133 च्या मुखपृष्ठावर मधला 3 खोडून 2 बसवलेला. तो 2 बाजूच्या आकड्यांपेक्षा किंचित जाडही होता.

चित्राबद्दल थोडक्यात. मुखपृष्ठाचा चित्रकार सहसा छपाईपेक्षा मोठ्या आकारात काम करतो, पांढऱ्या रंगानं चुका झाकतो, पेन्सिलच्या रेघा राहतात. माझं चित्र बरोब्बर अंकाएवढं. शीर्षकाच्या जागी आकाश सारवलेलं, आणि भिंगाखाली त्या जलरंगाच्या खाली छपाईचे ठिपके. 9,000 रुपये.

विम्याची चौकशी कुरिअरवाल्याकडे केली. पावतीवर लिहिलेलं, 'छापील साहित्य, किंमत 500 रुपये'. विमा नाहीच.

मग पोलीस ठाणं. पहिला प्रश्न, "चित्रांची पुस्तकं? पन्नास हजारांची?" बाकावरच्या दोघांना त्यांनी तो मोठ्यानं ऐकवला. मग, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, साहेब, खोटा माल खरा म्हणून विकला, ही फसवणूकच. पूर्वीचं कलम 420, आताच्या न्याय संहितेतलं 318. तर म्हणे, "कायदा शिकवू नका, एनसी घ्या." एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. पुढच्या खेपेला दुसरे साहेब, त्यांना सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला, "आरोपी परजिल्ह्यातला दिसतो, तिकडे जा." चौथ्या खेपेला पहिले साहेब रजेवर आणि एनसीची नोंदवही त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. खऱ्या-खोट्याचा दाखला कुणाचा, हा त्यांचा सवाल. जुन्या कॉमिक्सचा सरकारी तज्ज्ञ मी कुठून आणू? मीच तज्ज्ञ आहे म्हटलं असतं, पण मग घेतले कसे, हे विचारलं असतं.

बँकेत तर तीन मिनिटं. "व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे, सर." 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे अडवता येतात म्हणतात. मी नवव्या दिवशी केला, कारण पार्सल यायलाच आठ दिवस लागले. या असल्या फसवणुकीत घड्याळही त्यांच्याच बाजूनं. म्हणून पूर्ण रक्कम आधी देऊ नका. शक्यतो स्वतः जा, हातात घेऊन पाहा. प्रवासाचे दोन हजार जातील, जाऊ देत.

बायकोला शेवटी खरा आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. 37 अंक मात्र रद्दीत घालू देत नाही, पुरावा आहे म्हणते.

परवा नवीन नावानं तीच जाहिरात दिसली. या वेळी आजोबा नाहीत, मामा गेलेत. भाच्याच्या मोबाइलवरून मेसेज केला, "123 आहे का?" तीन मिनिटांत उत्तर, "आहे दादा. एकच कॉपी."

स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. प्रिंट काढून दोन प्रतींत आणा म्हणाले, सोमवारनंतर.