खंजीर झकास, मशीनगन फसली

आबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पंच्याहत्तरीला रेजिमेंटचं चिन्ह असलेली लाकडी ढाल ऑनलाइन मागवली. साडेआठशे रुपये. पितळेला चमक छान, शिसवी रंगही शोभतो.

आबांनी चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य: "ह्या रायफली कुणी लावल्या?" चिन्हात एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन असतात. १९४६ साली ही मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हापासूनची ती ओळख. व्हिकर्सच्या नळीभोवती पाण्याचं जाड नळकांडं असतं; इथे नुसत्या काड्या. मधला खंजीर मात्र रेखीव, धारही दिसते. पूर्वी खंजिराच्या जागी कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ होता, हे आबांनीच सांगितलं. तो काढल्याची हळहळ त्यांना अजून आहे. खाली 'यश सिद्धि' हवं, तिथे 'यश सिद्दी' कोरलंय! दुकानदाराला फोटो पाठवला, आठवडा झाला, उत्तर नाही.

पाचपैकी दोन तारे, तेही खंजिराला. ढाल परत करणार होतो, पण आबांनी ती भिंतीवर लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला चुका दाखवत बसतात.