गॅलरीतली शिवणाची जागा, नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर आमच्या डोंबिवलीच्या घरातली बंद गॅलरी मी शिवणकामासाठी मांडून घेतली. आठ फूट लांब, जेमतेम चार फूट रुंद, पश्चिमेला काचा. त्याला आता नऊ महिने झाले. मधे एक कडक उन्हाळा गेला, सध्या पाऊस चालू आहे. त्यामुळे काय टिकलं आणि काय बदलावं लागलं हे आता खात्रीने सांगता येईल. कोणतीही जागा पहिला आठवडा छानच दिसते.

आधी मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कायम इस्त्रीच्या कपड्यांची चळत. कापडं दिवाणात, दोरे बिस्किटांच्या डब्यात, कात्री स्वयंपाकघरात. शिवायला बसायचं म्हणजे आधी अर्धा तास सगळं काढायचं, आणि चार पट्ट्या जोडून होईपर्यंत जेवणं आली की पुन्हा सगळं उचलायचं. सहा वर्षांत माझी एक गोधडी झाली होती. या नऊ महिन्यांत एक गोधडी आणि भाचीच्या बाळासाठी एक दुपटं पूर्ण झालं, दुसरी गोधडी संपत आलीय आणि क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुली टाक्याच्या भरतकामाचं, एक मोठं काम निम्म्याहून पुढे गेलंय. माझ्याकडे वेळ पूर्वीइतकाच आहे. फरक एवढाच, की सुईखाली अर्धवट शिवलेली पट्टी तशीच सोडून मला कुकर लावायला जाता येतं आणि परत आल्यावर ती तिथेच असते. दहा मिनिटं मिळाली तरी दोन जोड होतात. कुणी मला विचारलं की डबे घेऊ का रॅक घेऊ, तर मी आधी हेच विचारते: तुझं मांडलेलं काम रात्रभर मांडलेलं राहू शकेल अशी दोन फुटांची तरी जागा घरात आहे का?

टेबलापासून सुरुवात करते. आधी मी तयार घडीचं टेबल मागवलं होतं. मशीन चालू झाली की ते थरथरायचं आणि टाका वाकडा जायचा, म्हणून आठ दिवसांत परत केलं. माझी मशीन आईची, काळी, पायाची, नंतर मोटर बसवलेली. तिच्या मूळच्या लाकडी टेबलात मशीन खाली बसते आणि तिचा पाटा टेबलाच्या पातळीत येतो. ही जुन्या लोकांनी केलेली सोय किती मोलाची आहे हे गोधडी शिवताना कळतं. मशीन टेबलावर उंच ठेवलेली असली की कापडाचं वजन डावीकडे खाली लोंबतं आणि सुईला ओढतं. मग टाके लहानमोठे पडतात, कधी सुई वाकून मोडते. सुताराकडून मी त्याच टेबलाला डाव्या बाजूने दोन फुटांची घडीची फळी जोडून घेतली, 19 मिलिमीटरच्या प्लायवूडची, बिजागरीवर उघडमीट होणारी. या सगळ्या मांडणीत सगळ्यात समाधान देणारा खर्च हाच. मशीनच्या पायांखाली रबराची जाड चटई घातली आहे. तिच्यामुळे रात्री दहालाही खालच्या घरात आवाज जात नाही.

कापणी मात्र गॅलरीत होत नाही. तशी योजना होती, पण बसायच्या टेबलावर वाकून कापलं की अर्ध्या तासात कंबर धरायची. शेवटी उपाय स्वयंपाकाच्या ओट्यावर सापडला. आमचा ओटा चौतीस इंच उंच आणि दोन फूट खोल आहे. त्यावर 24 बाय 18 इंचाची कटिंग मॅट नेमकी बसते. रात्री ओटा पुसून कोरडा केला की मॅट टाकायची आणि उभ्यानेच गोल पात्याच्या कटरने पट्ट्या कापायच्या. 45 मिलिमीटरचं पातं धारदार असेल तर सुती कापडाचे चार पदर एका दमात कापले जातात. कटर वापरून झाला की त्याच क्षणी पातं बंद करायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. घरात लहान मूल असेल तर कटर कुलपातच हवा.

तुकडे जोडताना शिवणीसाठी पाव इंच सोडायचा, हा नियम मी पूर्वी नजरेने पाळायचे. त्याचा हिशोब एकदा कागदावर केला आणि डोळे उघडले. प्रत्येक शिवण एक सोळांश इंच जास्त आत गेली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून एक अष्टमांश इंच जातात. सोळा तुकड्यांच्या ओळीत पंधरा जोड, म्हणजे ओळ जवळजवळ दोन इंच आखूड. शेजारची ओळ बरोबर शिवली असेल तर दोन्ही कशा जुळणार? आता मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे चार थर लावून कड केली आहे. कापड त्या कडेला टेकवून सरकवायचं. बाजारात यासाठी मशीनचे, कापड दाबून धरणारे वेगळे पाय मिळतात, पण माझ्या जुन्या मशीनवर या पट्टीनेच काम झालं.

उन्हाळ्याने एक धडा दिला. कापडं मी गॅलरीतच उघड्या रॅकवर, पुठ्ठ्यांवर गुंडाळून उभी लावली होती, पुस्तकांसारखी. रंगांची रांग बघूनच काम करावंसं वाटायचं. मेमध्ये एक लाल सुती कापड उलगडलं तर प्रत्येक घडीच्या कडेला फिकट पट्टा. पश्चिमेचं ऊन काचेतून रोज तीन तास त्यावर पडत होतं. ते कापड मी मंगलदास मार्केटमधून खास आणलेलं, त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता सगळी कापडं आत, लोखंडी कपाटाच्या एका खणात आहेत. गुंडाळण्याची पद्धत तीच ठेवली, कारण ती खरंच उत्तम आहे. सगळे पुठ्ठे एकाच मापाचे कापले की चळत कोसळत नाही आणि मधलं कापड काढताना बाकीची विस्कटत नाहीत. वीतभरापेक्षा लहान तुकडे रंगांप्रमाणे पारदर्शक डब्यांत.

रंगाचं निघालंच आहे तर सांगते. गडद लाल, निळं आणि नवं काळं कापड धुतल्याशिवाय गोधडीत घालू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. मी तीनदा करून पाहिलं, जाणारा रंग जातच राहिला. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड घासून बघते आणि रुमालाला रंग लागेनासा होईपर्यंत धुते. चोळीच्या खणाचे तुकडे वापरणार असाल तर इस्त्री आधी कोपऱ्यावर लावून बघा. हल्ली बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो आणि तो कडक इस्त्रीखाली आकसतो.

पावसाळ्याने दुसरा धडा दिला. भिंतीवर भोकांचा बोर्ड लावून त्यावर कात्र्या, पट्ट्या, भरतकामाच्या रिंगा अडकवल्या होत्या. सोय अतिशय छान, हात वर केला की वस्तू हातात. पण जुलैत कात्र्यांवर तांबूस ठिपके दिसायला लागले. आता कात्र्या आठवड्यातून एकदा पुसते, पात्यांच्या जोडावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडते आणि एखादं फडकं कापून जास्तीचं तेल काढून टाकते. सुया झाकणाच्या डबीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सगळ्यात जास्त जपायला हवं ते क्रॉस स्टिचच्या कापडाला. काम थांबवताना सुई कापडातच टोचून ठेवायची माझी जुनी सवय होती. चार दिवस हात लागला नाही आणि सुई काढली तर पांढऱ्या कापडावर गंजाची बारीक रेघ. नशिबाने ती जागा पुढे गडद हिरव्या टाक्यांखाली गेली. आता डब्याच्या झाकणाच्या आतून लोहचुंबकाची चकती चिकटवली आहे, सुई तिथे राहते. रिंगसुद्धा रोज काढून ठेवते, नाहीतर तिचा गोल वळ धुतल्यावरही जात नाही.

दोऱ्यांची मांडणी हे माझं सगळ्यात आवडतं काम ठरलं. एका लडीत आठ मीटर दोरा, सहा पदरी. लडी तशीच ठेवली की महिन्याभरात गुंता. म्हणून प्रत्येक लडी पुठ्ठ्याच्या चपट्या तुकड्यावर गुंडाळली, वर रंगाचा नंबर लिहिला आणि कप्प्यांच्या डब्यात नंबराप्रमाणे लावली. आधी रंगछटांप्रमाणे लावली होती. दिसायला ती मांडणी सुंदर, पण नक्षीत नंबर असतात आणि शोधताना वेळ जायचा. अँकर आणि डीएमसी या दोऱ्याच्या दोन कंपन्यांचे नंबर वेगळे आहेत. एकाचा नंबर दुसऱ्यात बदलून देणारे तक्ते मिळतात, पण छटा जवळपासचीच येते. एकाच पानाला किंवा एकाच आभाळाला दोन कंपन्यांचा दोरा वापरला की जोड दिसतो.

क्रॉस स्टिच हे विणकामासारखंच मोजणीचं काम, त्यामुळे ते मी गॅलरीत नाही, बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या शेजारी बसून करते. त्या शाळेत असताना मॅटीच्या कापडावर फुली टाका शिकल्या. एके दिवशी माझं काम हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं, या कोपऱ्यातल्या फुल्या बघ. वरची तिरकी इकडे उजवीकडे आणि इथे डावीकडे. आमच्या बाईंनी उसवायला लावलं असतं."

"आई, लांबून कळेल का?"

"उजेड बाजूने पडला की कळेल."

मी दिवा बाजूला धरून बघितलं आणि तेवढा भाग उसवला. सगळ्या फुल्यांची वरची तिरकी एकाच दिशेला असेल तरच दोऱ्याची चकाकी सारखी दिसते. बाकी गोष्टी नव्याने करणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून लिहिते. माझं कापड 14 काउंटचं, म्हणजे इंचाला चौदा घरं. त्यावर सहापैकी दोन पदर आणि 24 नंबरची बोथट सुई. नक्षी तुळशीवृंदावनाची, 112 बाय 84 टाके, म्हणजे आठ बाय सहा इंच. पूर्ण भरलेली असल्यामुळे 9408 फुल्या. माझा वेग तासाला शंभराच्या आसपास आहे, यावरून किती संध्याकाळी लागतील ते मोजून घ्या. आकड्याला घाबरू नका. दहा-दहा घरांच्या चौकटी आखून घेतल्या की प्रत्येक चौकट हे एका बैठकीचं काम होतं. चौकटी पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखल्या तर त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने खूण पक्की बसू शकते. मी हल्ली शिलाईच्या रंगीत दोऱ्याने धावदोरा घालून चौकटी करते आणि काम पुढे जाईल तसा तो ओढून काढते.

दिव्याबद्दल एवढंच की रात्री काळा आणि गडद निळा दोरा ओळखणं अवघड जातं. दोन्ही दोरे दिवसा उजेडी निवडून, नंबर लावून ठेवा. मी उजव्या हाताने काम करते म्हणून दिवा डावीकडून घेतला, हाताची सावली पडत नाही.

आता गोधडी. इथे गॅलरीची मर्यादा स्पष्ट दिसली. आईच्या सुती साड्यांची पाच बाय सात फुटांची गोधडी करायची तर पदर सपाट अंथरून कच्चे टाके घालायला तेवढी जागा हवी. फरशीवर दोन तास बसल्यावर माझे गुडघे दुसऱ्या दिवशी उठू देईनात. मग पलंगावरची गादी उचलून भिंतीला लावली आणि खालच्या फळीवर साड्या अंथरल्या. पलंगाच्या तिन्ही बाजूंनी स्टुलावर बसत फिरायचं, मधून बाहेरच्या दिशेने वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालायचे. साडी धुऊन धुऊन मऊ झालेलीच घ्यावी, पण जिथे ती उजेडात धरल्यावर विरलेली दिसते तो भाग कापून टाकावा, नाहीतर वर्षभरात गोधडीच्या पोटात भोक पडतं.

या गोधडीनंतर मला पर्याय सापडला तो कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला. हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बाया कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कवंदीत खाली साडी अंथरतात आणि कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा दुमडून ठेवत, धावदोऱ्याने शिवत शिवत गोल फिरून मध्यापर्यंत येतात. जोडणं आणि टाचणं एकाच वेळी. माझी आजीही आमची वाकळ कडेपासूनच आत शिवत यायची, मांडीवर घेऊन. म्हणजे मोठी जमीन लागतच नाही! दुसरी गोधडी मी याच पद्धतीने लावली, आणि चार फुटांच्या गॅलरीत, दुपारच्या उजेडात, ती सहज होतेय. पाव इंचाची काटेकोर मोजणी यात नाही. हाताला येईल तो तुकडा, शेजारच्याशी रंग बघून. दिवसभर फुल्या मोजलेल्या डोळ्यांना ही मोकळीक फार सुखाची वाटते. टाका मात्र तांदळाच्या दाण्याएवढा आणि दाट हवा, कारण सगळं बळ त्यातच असतं.

खर्च सुतारकाम, वायरमनने काढलेला इस्त्रीचा वेगळा पॉइंट, बोर्ड, डबे आणि दिवा मिळून साडेतेरा हजारांच्या आत बसला. आज पुन्हा करायचं झालं तर उघडा रॅक घेणार नाही आणि त्या पैशांत काचांना जाड पडदे लावीन. चाकांची तीन मजली ट्रॉली पुन्हा नक्की घेईन. चालू काम, इस्त्री आणि कात्री तिच्यावर ठेवून ती मी घरभर फिरवते.

कवंदीच्या पद्धतीच्या गोधडीचा मधला शेवटचा तुकडा परवा बसला. आता चार कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घालून केलेली फुलं लावायची राहिली आहेत. ती नसली तर कवंदी उघडी वाटते असं सिद्दी बाया म्हणतात. त्या फुलांसाठी सासूबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या इरकलीचा काठ उसवून ट्रॉलीवर आणून ठेवलाय.